सोसायटीतल्या मुलांसाठी शिकायची बाग (ऐरोली) : जागा, माती आणि वेळापत्रक कसं बसवावं?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ऐरोलीत खाडीकडच्या बाजूला आहे. ६ ते १३ वयाची पंचवीसेक मुलं आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून चालवायची एक बाग सुरू करायची आहे. नुसती शोभेची नको. मुलांनी स्वतः पेरावं, निगा राखावी, काढावं आणि घरी नेऊन खावं, अशी हवी. कमिटी तयार आहे, पाच-सहा पालकही तयार आहेत.

जागेचे तीन पर्याय आहेत. पहिला, १४ मजली इमारतीच्या उत्तरेला लागून ४० बाय २५ फुटांची मोकळी पट्टी. दुसरा, पूर्वेला कुंपणालगत ३० बाय १८ फूट, पण तिथे एका टोकाला देशी बदामाची दोन मोठी झाडं आहेत. तिसरा, गच्ची. जमीन सगळीकडे भरावाची, म्हणजे मुरूमच. पाणी बोअरचं आहे, शिवाय सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) प्रक्रिया केलेलं पाणी सध्या लॉनला जातं.

जूनमध्ये शाळा उघडल्या की उद्घाटन करावं असा विचार आहे. कोणती जागा घ्यावी, माती किती लागेल, काय लावावं आणि मुलांचा उत्साह टिकेल असं वेळापत्रक कसं आखावं, ते जाणकारांनी सांगावं.

---

परसबाग_ठाणे

आधी जागेचं बोलू, कारण ती चुकली की बाकी कितीही मेहनत घेतली तरी भाजी येत नाही.

उत्तरेची पट्टी मोठी असली तरी घेऊ नका. आपल्याकडे २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो, आणि तोही दक्षिणेला. त्यामुळे इमारतीची सावली तिच्या उंचीच्या नव्वद टक्क्यांहून थोडी जास्त लांब उत्तरेकडे पडते. १४ मजले म्हणजे साधारण ४२ ते ४५ मीटर उंची धरा, म्हणजे ४० मीटरच्या आसपास सावली. तुमची ती पट्टी पूर्ण झाकली जाईल. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीसही दुपारची सावली १५ मीटरपर्यंत जाते. मे महिन्यात मात्र तिथे लख्ख ऊन दिसेल, कारण १५-१६ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. लोक उन्हाळ्यात जागा बघतात, पावसाळ्यात वाफे करतात आणि मेथी-पालकाच्या ऐन हंगामात सावलीत बसतात. टॉवर असलेल्या सोसायट्यांत बऱ्याच बागा याच कारणाने बंद पडतात.

गच्चीवर मातीचे वाफे नकोत. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. नऊ इंचांचा थर दिला तर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या पुढे वजन जातं. वावर असलेली साधी गच्ची बहुधा चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेली असते. वॉटरप्रूफिंगचा प्रश्न वेगळाच, आणि मुलांना वर नेलं की कठड्याची काळजीही आलीच.

राहिली पूर्वेची पट्टी, तीच घ्या. सकाळपासून दुपारपर्यंत पाच-सहा तास ऊन मिळालं तर पालेभाज्या, मुळा, वाल, चवळी उत्तम येतील. टोमॅटो-वांगी जमतील, थोडी कमी धरतील इतकंच. बदामाला हात लावू नका. फांदी छाटायची असली तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बुंध्यापासून सहा फूट सोडून वाफे घ्या आणि बुंध्याभोवती माती चढवू नका, साल कुजते. त्या सावलीत मुलांची बैठक आणि कंपोस्टची टाकी छान बसेल. बदामाचा पालापाचोळाही कंपोस्टला कामी येईल. पानं जाड असतात, तेवढी चुरून टाका.

आणखी एक. खाडीलगत मोकळी दिसणारी जागा कोणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित आहे. तिथली मातीही खारी असते.

---

वाफा

वरच्या सल्ल्याला पूर्ण अनुमोदन. आता माप सांगतो.

मुलांचा हात दीड फुटापलीकडे नीट पोचत नाही. म्हणून वाफा ३ फूट रुंद, दोन्ही बाजूंनी काम करता येईल असा. मोठ्यांसाठी ४ फूट चालतो. मुलांना तो दिला की ती वाफ्यात पाय देतात आणि माती दाबून टाकतात. तुमच्या १८ फुटांत ७ फूट लांबीचे वाफे दोन रांगांत घ्या, मधे ४ फुटांची वाट. वाफ्या-वाफ्यांत ३ फुटांचं अंतर. पहिल्या वर्षी सहाच वाफे करा. ते पंधरा फुटांत बसतात, उरलेले पंधरा फूट झाडांकडच्या टोकाला बैठक, हात धुण्याची जागा आणि कंपोस्टसाठी ठेवा. सहा वाफे पंचवीस मुलांना पुरतात. दहा केले तर चार तणाने भरतात, आणि ओसाड वाफा बघून मुलांचं मन लगेच उडतं.

कडेला जांभ्याचा चिरा लावा. साधारण सव्वा फूट लांबीचा चिरा नऊ इंच उभा ठेवला तर एका वाफ्याला सोळा-सतरा लागतात. सांध्यांत सिमेंट भरू नका, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. प्लायवूड आणि पेटीचं लाकूड आपल्या पावसात वाळवी आणि बुरशीने लवकर जातं. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. टायरही नकोत, पोकळीत पाणी साचून डास होतात.

वाफा भरण्याआधी खालचा मुरूम टिकावाने सहा इंच फोडून घ्या. ही पायरी सगळे गाळतात. वर सुंदर माती आणि खाली दाबलेला मुरूम असला की जुलैत पाणी मधेच तुंबतं, मुळं कुजतात आणि रोप पिवळं पडतं. मग लोक पिवळं दिसलं म्हणून खत घालतात आणि ते आणखी बिघडतं. तळाला प्लास्टिक अंथरू नका.

७ × ३ × पाऊण फूट म्हणजे पावणेसोळा घनफूट. सहा वाफ्यांचे साधारण ९५, म्हणजे जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट). त्यात अर्धा ब्रास लाल माती, ३० घनफूट चांगलं मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट (४० किलोच्या बारा गोण्या धरा) आणि २० घनफूट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पाच किलोची वीट भिजून अडीच घनफुटांच्या आसपास फुगते, म्हणजे आठ विटा. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. दर वाफ्याला दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. पहिल्या पावसानंतर माती दीड-दोन इंच बसेल, तेवढं कंपोस्ट राखून ठेवा.

मातीचा ट्रक रिकामा होण्याआधी दोन-तीन ठिकाणी हात घालून बघा. लाल माती म्हणून बांधकामाचा राडारोडा येतो. काच, टाइल, रंगाचे पापुद्रे दिसले तर परत पाठवा. जिथे मुलं उघडे हात घालणार तिथे तडजोड नको.

कंपोस्ट तयार आहे का, याची सोपी चाचणी आहे. मूठभर ओलसर कंपोस्ट पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबूस वा अमोनियासारखा उग्र वास आला तर ते कच्चं. मातीचा वास आला तर वापरा.

---

खुरपं

माझं म्हणणं वेळापत्रकाबद्दल आहे, आणि ते थोडं जोर देऊन सांगतो. जूनमध्ये उद्घाटन करू नका.

जून-जुलैत आपल्याकडे असा पाऊस कोसळतो की मेथी-कोथिंबिरीचं बी वाहून जातं, जे उगवतं ते रोपमरीने कोलमडतं. मुलांनी हौसेने पेरलेलं पहिलंच पीक गेलं की पुढच्या रविवारी निम्मी येत नाहीत. वाफे एप्रिल-मेमध्ये बांधा, भरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार वाफ्यांत हिरवळीच्या खताचा ताग (बोरू) पेरा, वाफ्याला बारा-पंधरा ग्रॅम बी पुरतं. पावसाचा मारा तो अंगावर घेतो, माती वाहू देत नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर येण्याआधी, कापून जागीच आच्छादन करा. मुलांना तागाची मुळं उपटून गाठी दाखवा. गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी दिसली पाहिजे, म्हणजे जिवाणू हवेतला नत्र धरताहेत.

उरलेले दोन वाफे वेलांना. काकडी, दोडका, पडवळ जूनच्या मध्याला, एका ठिकाणी तीन बिया टोकून, नंतर एक सशक्त रोप ठेवायचं. मांडव पाचच फुटांचा करा, नाहीतर मुलांना फळ दिसतं पण हाताला येत नाही. भेंडी मेअखेरीस पिशव्यांत. बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल. पहिली तोड पन्नास दिवसांच्या आसपास. जात पिवळ्या केवड्याला दाद न देणारी निवडा, परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड लगेच उपटून टाका, पांढरी माशी तो रोग पसरवते आणि त्यावर औषध नाही.

मुलांची खरी सुरुवात दसऱ्यानंतर करा. आता शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा. दिवाळीआधी जे पेराल त्याची काढणी सुट्टीत येता कामा नये. म्हणून तेव्हा वाल टोका आणि टोमॅटो, वांगी, झेंडूची रोपं लावा. यांना सुट्टीत फक्त पाणी लागतं. सुट्टीवरून आल्यावर मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर. मेथी तिसाव्या दिवशी हातात येते, मुळा चाळीस-पंचेचाळीसाव्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा लांबचं पीक देऊ नका. नाताळानंतर हीच पालेभाज्यांची दुसरी फेरी. फेब्रुवारीत लाल माठ, मार्चमध्ये परीक्षा असतात म्हणून चवळी आणि गवार, ती थोडं दुर्लक्ष सोसतात. एप्रिलअखेर वाफे रिकामे, मेमध्ये पालापाचोळ्याचं जाड आच्छादन.

पेरताना दोन गोष्टी हमखास चुकतात. मुलं बी फार खोल पुरतात. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट, एवढंच. पेन्सिलीवर रंगीत रेघ मारून द्या, रेघेपर्यंत भोक. आणि धणे अख्खे पेरतात. ते रगडून दोन डाळिंब्या कराव्या, रात्रभर भिजवाव्या, नाहीतर उगवण विरळ आणि उशिरा होते. मेथी वाफ्याला पंचवीस ग्रॅम, चार बोटांवर ओळी काढून. फोकून पेरली तर तण कोणतं आणि मेथी कोणती ते मुलांना ओळखू येत नाही.

---

ऐरोलीकर

खूप आभार. जूनचा हट्ट सोडला. आणखी तीन शंका. एसटीपीचं पाणी वाफ्यांना चालेल का? कीड आली तर मुलं असताना काय फवारावं? आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा तुकडा द्यावा की सगळ्यांचं मिळून?

---

पाणीपाळी

एसटीपीचं पाणी लॉनला आणि झाडांना ठीक. मुलं हात घालतात त्या वाफ्यांना, आणि जमिनीलगतच्या पालेभाज्यांना अजिबात नको. त्यात रोगजंतू राहू शकतात आणि सोसायट्यांमधले प्लांट रोज सारख्या दर्जाचं पाणी देतीलच असं नाही.

बोअरचं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासा. खाडीजवळ उन्हाळ्यात ते खारट होत जातं, म्हणून जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. ५०० पीपीएमच्या आत असेल तर चिंता नाही. १००० च्या पुढे गेलं की वाल-चवळीच्या पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते. अशा वेळी नळाचं पाणी मिसळा. पालक त्यातल्या त्यात खारेपणा सोसतो.

सहा वाफ्यांचं क्षेत्र बारा चौरस मीटरच्या आत आहे. हिवाळ्यात रोज ४०-५० लिटर, एप्रिलमध्ये ७०-८०. म्हणजे २०० लिटरचा एक झाकणाचा पिंप पुरतो. झाकण आणि वर बारीक जाळी हवीच. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डास होणं आठ-दहा दिवसांत उरकतं, म्हणून दर रविवारी पिंप, ताटल्या, झाऱ्या पूर्ण रिकाम्या करून घासायच्या. हे मुलांचंच काम ठेवा, अळ्या भिंगातून दाखवा. झारी दोन लिटरची घ्या. पाच लिटरची भरली की लहान मुलाला उचलत नाही आणि सगळं पाणी एकाच रोपावर ओततं.

पाणी जास्त होणं हा मुलांच्या बागेचा कायमचा आजार आहे. नियम एकच ठेवा. बोटाचं पहिलं पेर मातीत घालायचं, ओल लागली तर झारी खाली.

सुरक्षेचं थोडं. पावसाळ्यात गमबूट सक्तीचे, साचलेल्या पाण्यात अनवाणी पाय नको, लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. धनुर्वाताची लस (पाच-सहा वर्षांचा बूस्टर, पुढे १० आणि १६ वर्षांची) झाली आहे का ते पालकांकडून लिहून घ्या. कुंपणालगत कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, रुई अशी विषारी झाडं असतील तर काढा. डायफेनबाकियाच्या (शोभेचं, तेही विषारी) कुंड्याही तिथून हलवा. विटांचे, पाल्याचे ढीग भिंतीशी ठेवू नका, साप तिथेच आसरा घेतात. दिसलाच तर मुलांना लांब करून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा झाला तर १०८, किंवा थेट रुग्णालय. बांधणं, कापणं काही नाही.

---

परसबाग_ठाणे

किडीबद्दल. मुलं असताना काहीच फवारू नका, निंबोळी तेलसुद्धा नाही. मोठ्यांनी संध्याकाळी फवारावं. लिटरला ५ मिली तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण, आधी साबणात तेल घोटून मग पाणी. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मावा सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. पिठ्या ढेकूण दिसला तर फांदी कापून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. गोगलगायी पावसाळ्यात रात्री येतात. ओलं गोणपाट वाफ्याशेजारी ठेवा, सकाळी त्याखाली सापडतात. हातमोजे घालून मोठ्यांनी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, वाफ्यात मीठ टाकायचं नाही.

एक लिंबाचं आणि एक कढीपत्त्याचं झाड मात्र अळ्यांसाठीच लावा आणि त्यावर कधीच काही फवारू नका. लिंबावरची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. ज्या मुलाने अळीचं फुलपाखरू होताना पाहिलं, ते प्रत्येक किड्याला मारायला धावत नाही.

स्वतःचा तुकडा देऊ नये असं माझं मत. मूल दोन रविवार आलं नाही की त्याचा तुकडा वाळतो आणि शेजारच्याचा हिरवा दिसतो. वाफा चार-चार मुलांच्या गटाला द्या, गटात एक मोठं, बाकी लहान.

---

खुरपं

इथे मी थोडा वेगळा. लहानांसाठी गट बरोबर. पण दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं काहीतरी लागतं, नाहीतर मोठं करतं आणि बाकीची उभी राहतात. त्यांना वाफ्याचा तुकडा देण्याऐवजी बारा इंची एकेक पिशवी द्या. सुट्टीला जाताना ती घरी नेता येते. त्यात प्रयोगही होतात. तीन पिशव्यांत मूग एक, तीन आणि सहा इंच खोल पेरायचा, रोज स्केलने उंची मोजून वहीत लिहायची. सहा इंचांचा बहुधा वर येत नाही, कारण बियातला साठा वाटेतच संपतो. हे सांगून कळत नाही, उकरून बघितल्यावर कळतं.

बाकी शिस्तीचं म्हणाल तर आठ मुलांमागे एक मोठा माणूस, आणि कधीही एकटा नाही, कमीत कमी दोघं. तास पाऊण तासाचा. तीन जागा फिरत्या ठेवा : पेरणी, पाणी आणि तण, निरीक्षण. रिकामं उभं राहिलेलं मूल शेजारचं रोप उगवलं का बघायला उपटतं. सहा इंची खुरपी दोघांत एक, मुठींना पिवळा रंग द्या म्हणजे मातीत हरवत नाहीत. टिकाव-कुदळ कुलपात.

आणि सुट्टीतलं पाणी कोण घालणार हे आधी ठरवून कमिटीच्या ठरावात लिहा. नाव, दिवस, किल्ली कुठे. दिवाळी आणि मे, या दोन सुट्ट्यांत बाग टिकली तर पुढचं सोपं आहे. काढणी कशी वाटायची तेही त्याच ठरावात असू द्या. पहिल्या मेथीच्या जुड्या ज्या मुलांनी पाणी घातलं त्यांच्या घरी जाव्यात.

---

ऐरोलीकर

शेवटचं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी नेमकं काय करून घ्यायचं?

---

वाफा

भाषण ठेवू नका. मोठ्यांनी आदल्या संध्याकाळी वाफे भिजवून ठेवा. सकाळी आठला मुलं आली की आधी गटागटाने एकेक वाफा पाचच मिनिटं हाताने मोकळा करू द्या, गांडूळ सापडलं तर तिथेच थांबा. मग प्रत्येकाच्या हातात वालाच्या चार बिया, आदल्या रात्री भिजवलेल्या. वाल मोठा असतो, लहान बोटांत धरता येतो आणि पाच-सहा दिवसांत वर येतो, म्हणजे पुढच्या रविवारी दाखवायला काहीतरी असतंच. फूटभर अंतरावर दोन-दोन बिया, पेन्सिलीच्या रेघेपर्यंत. शेजारी काडी रोवून गटाचं नाव.

दोन बिया प्रत्येकाला जास्तीच्या द्या. काचेच्या बरणीच्या आत ओला टिपकागद गुंडाळायचा, बी काच आणि कागदाच्या मधे. घरी मूळ आधी फुटतं की कोंब, ते बघून पुढच्या रविवारी चित्र काढून आणायचं. शेवटी साबणाने हात, नखांसकट, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची पाळी फळ्यावर लिहून मगच घरी. अंकुर येईपर्यंत वाफ्यांवर जाळी टाकून ठेवा, कबुतरं आणि साळुंक्या भिजलेली बी उकरतात.